हातभर अंतरावर

“श्वास धर. मग दाब. घाई केलीस तर जग हलतं.”

मी फ्रॉकमध्ये होते तेव्हाचा बाबांचा हा आवाज. त्यांच्या काळ्या कॅमेऱ्यामागून आलेला, अजून कानात तसाच ओला आहे. तो कॅमेरा कधीच मोडीत गेला. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मीही ठरवलं, खिशात मावेल असा रोलचा छोटा कॅमेरा घ्यायचा आणि रोज जवळ बाळगायचा. बाबा बसतात, उठतात, खोकतात, चिडतात, तसे टिपून ठेवायचे. डॉक्टरांनी भरवसा दिला होता, पण निम्माच.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. धूसर काय नि लख्ख काय, हे माझं रोजचं काम.

गल्लीच्या टोकाला कॅमेरेवाले काका बसतात. जुने कॅमेरे दुरुस्त करून विकतात, रोलही स्वतःच धुतात. त्यांनी साबणाच्या वडीएवढा एक दिला. “वापरून बघा. नाही पटला तर आणा परत, मी कुठे पळून चाललोय?”

रोल धुऊन आला. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते, पण धुक्यातले. मी ज्या दारात उभी होते त्याची चौकट मात्र अशी स्वच्छ, की रंगाचे पोपडे दिसावेत.

दुसरा कॅमेरा घेतला. तेच. तिसरा घेतला. तेच. जिन्यात, बागेत, दुकानात, समोरचं सगळं विरघळलेलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावरचं तेवढं टोकदार.

“काका, तिन्ही बिघडलेले?”

“नाचता येईना अंगण वाकडं! द्या इकडे.” त्यांनी तिसऱ्याच कॅमेऱ्यानं बाजूने माझे फोटो काढून रोल धुतला. माझी पापणीन् पापणी वेगळी दिसत होती.

त्यांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “हा कॅमेरा न दिसणारा एक किरण सोडतो. तो कशावर तरी आपटून परत येतो, त्यावरून अंतर कळतं. तुमच्या हातात तो हातभरावरूनच परत येतोय.”

“तिथे तर काही नसतं.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “परत यायला काहीतरी लागतं, ताई.”

भीती नाही वाटली. कुतूहल वाटलं. घरी येऊन हात पुढे केला, हवा चाचपली. हवाच होती. थोडी गार होती, पण पंखाही चालू होता.

बाबा बघत होते. “काय शोधतेस गं?”

“तुमचा फोटो.”

“हवेत?” ते हसले. डोळे मात्र हसले नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तिसऱ्या कॅमेऱ्यात शेवटचा म्हणून रोल घातला. दुपारी काकांनी फोटो हातात ठेवले. एकूण एक लख्ख! बाबांच्या गालावरचे पांढरे खुंट, स्वेटरची उसवलेली वीण, काचेवरचा बोटांचा ठसा. मी धावतच घरी आले.

“बाबा, ठरलं! हाच कॅमेरा!”

त्यांनी एक फोटो घेतला, बराच वेळ पाहिला. फोटोत ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसे. आत्ताही तसेच बसले होते.

“छान आलाय,” ते म्हणाले. “येणारच. आता मधे कुणी नाही.”

“म्हणजे?”

“तू पहिलं पाऊल टाकलंस ना, तेव्हापासून तुझ्यापुढे एक बाई उभी असायची. तोंड तुझ्याकडे, पाठ माझ्याकडे. तुझ्या आईजवळही बोललो नाही. म्हटलं, पोरीला राखतेय, कशाला बोभाटा करा.”

माझा हात आपोआप पुढे गेला. हवा कोमट होती.

“आणि आता?”

बाबा खुर्चीत आणखी थोडे सरकले.

“काल ती वळली, पोरी. चालत इकडे आली.”