निळ्या झाकणाची साखर

मुलगी आली तीच रडवेल्या तोंडाने. बाईंनी तिला पाणी दिलं, बाईंच्या नवऱ्याने खुर्ची. बाई गुप्तहेर होत्या. नवरा निवृत्त शिक्षक. तपासात सोबतीला असायचा आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

“उद्या समितीची बैठक आहे,” मुलगी म्हणाली. “मला संशोधनातून काढतील. सर म्हणतात, मी बाटल्यांची अदलाबदल केली.”

ती मातीतल्या एका जीवाणूच्या एन्झाइमवर काम करत होती. हे एन्झाइम फक्त लाल झाकणाच्या बाटलीतली साखर तोडतं, निळ्या झाकणाच्या, तिची सख्खी बहीण शोभेल अशा साखरेला मात्र शिवत नाही, असं सरांनी छापून आणलं होतं. मुलीच्या प्रयोगात निळीही तुटली.

“किती तुटली?”

“पन्नासातला एक भाग. मग थांबलीच.”

“आणि तुझ्या हातातलं हे चित्र?”

“एन्झाइमचा स्फटिक निळ्या साखरेच्या पाण्यात भिजवला. त्यातलं एन्झाइम मुद्दाम बोथट केलेलं. साखर धरतं, तोडत नाही. क्ष-किरणांनी पाहिलं, तर एन्झाइमच्या खोबणीत लाल साखर! सर चित्र बघून गप्प झाले. दुसऱ्या दिवशी माझी तक्रार केली.”

“बाटली जुनी?”

“नवी. मी आजारी असताना आली. जुनी साखर पिठासारखी मोकळी होती, हिचे मात्र गोळे. कपाटाच्या किल्ल्या दोनच, माझ्याकडे आणि सरांकडे.”

मुलगी गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, “अगं, हिनेच केलं असेल. किल्ली हिच्याकडे.”

“अहो, जरा दम धरा.”

प्रयोगशाळेत भांडी धुणारे काका भेटले. “एका बाटलीला एक चमचा, असा ताईंचा नियम,” ते म्हणाले. “त्या आजारी होत्या तेव्हा सरांकडे पाहुणे आले होते. दोन्ही साखरांचा प्रयोग दाखवला. धुवायला चमचा एकच आला. मला काय, तेवढंच काम कमी.”

“प्रयोग कोणी केला?”

“मी जेवायला गेलो होतो.”

सर आपल्या खोलीत होते. केस पांढरे, सदरा कडक इस्त्रीचा. “दहा वर्षांत मी वजनकाट्याला हात लावलेला नाही,” ते म्हणाले. “मुलांचंच काम ते. पण या पोरीला धीर नाही. निळी साखर टोचून टोचून फोडावी लागते, तेवढी चिकाटी पाहिजे.”

बाईंनी मुलीला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बाटल्या बदलल्या असत्या तर सगळी साखर तुटली असती. तुटली पन्नासातला एक भाग. म्हणजे निळीत लाल मिसळली होती, चिमूटभर. एन्झाइमने तेवढीच वेचून तोडली, स्फटिकानेही नेमकी तीच धरली. एकच चमचा दोन्ही बाटल्यांत गेला होता.”

“काका!” नवरा म्हणाला.

“काकांकडे किल्ली नाही, अहो. आणि ही घरी आजारी होती. सर, गोळे फक्त नव्या बाटलीत आहेत. उघडून पाहिल्याशिवाय तुम्हाला ते कसे कळले?”

सरांनी मान खाली घातली. कान लाल झाले होते.

“पाहुण्यांना दाखवायचं होतं की माझा हात अजून चालतो,” ते म्हणाले. “दुसरा चमचा सापडेना. माझ्याच प्रयोगशाळेत चमचे कुठे असतात ते मला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली. तोच पुसला.”

नवऱ्यालाही मुलीकडे बघवेना. आपण हिच्यावर संशय घेतला, याची त्याला मनापासून शरम वाटली.

मुलगी चित्राकडे बघत होती. “म्हणजे सर, तुमचं म्हणणं खरंच होतं. एन्झाइम निवडकच आहे. पन्नासातून एक ओळखून काढतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि सरांना तेच सोसवेना. त्यांनी तोंड झाकून घेतलं. मग समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

“बैठक नको,” ते म्हणाले. “मुलीची चूक नाही. चूक माझी. बरं, ठेवतो.”

“ठेवू नका,” बाई म्हणाल्या. “केव्हापासून माहीत होतं, तेही सांगा.”

सरांनी मुलीकडे पाहिलं. पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं.

“चित्र पाहिलं तेव्हाच कळलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “तक्रार मी त्यानंतर केली.”