शेवटचं पान नसलेली गत

वरद, तो मोबाइल पालथा ठेव. उजेड डोळ्यात येऊन राह्यला. जान्हवी, तू जरा इकडं सरक. सांगतो.

हे माझ्यासमोर घडलेलं न्हाई. ज्याच्यासंगं घडलं, त्या अवधूतनंच मला सांगितलं. बावीस वर्षं आम्ही भोकरदनला एकाच शाळेत होतो. मी गणिताला, तो संगीताला. बनवून सांगणारा माणूस न्हाई तो.

तर अवधूत कॉम्प्युटरचे स्पीकर दुरुस्त करून आणायला जालन्याला गेल्ता. कामाला दोन तास लागणार होते, म्हणून शेजारच्या रद्दीच्या दुकानात शिरला. तिथं त्याला पियानोच्या नोटेशनचं एक पिवळं पडलेलं चोपडं सापडलं. रॅगटाइमचं. सव्वाशे वर्षांमागं अमेरिकेत वाजवायचे ते संगीत. त्यात डावा हात बराबर ठेक्यात चालतो आणि उजवा मुद्दाम ठेका चुकवत पुढंमागं पळतो. अवधूतला त्याचं भारी वेड. आता भोकरदनला पियानो कुठून आणणार? तो एकेक सूर कॉम्प्युटरमधी भरायचा, मंग कॉम्प्युटर ते पियानोच्या आवाजात वाजवायचा. अशा पंधरा-वीस जुन्या गती, म्हणजे वाजवायच्या रचना, त्यानं तयार केल्त्या. आम्हाला ऐकवायचा. पाय आपोआप हलायला लागायचा.

या चोपड्याचं शेवटचं पान मात्र फाटून गेल्तं.

आठवडाभरात त्यानं जेवढी होती तेवढी गत भरली. शेवट नव्हता, म्हणून संपली की पुन्हा पहिल्यापासून, असं लावून ठेवलं. ऐकता ऐकता शेवट सुचंल, असं त्याला वाटलं.

दोन हजार बावीस. तेरा डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. रजनीवहिनी माहेरी गेल्त्या, पिंपळगाव रेणुकाईला. वरच्या मजल्यावर हा एकटा, खाली घरमालक कडूबा. अवधूतनं गत लावली. तीन मिनिटांची होती. दुसऱ्या खेपेला त्याला वाटलं, डाव्या हाताचा आवाज स्पीकरमधून येत न्हाई. पाठीमागून येऊन राह्यला.

वळून पाह्यलं. कपाट. भिंत.

म्हणला, खाली कडूबाकडं जाऊन बसू जरा. उठला, कडी काढली. दार उघडलं, जिन्यातला गार वारा तोंडावर आला. पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं... आणि गत पहिल्यापासून सुरू झाली.

तो खुर्चीत होता.

दाराला कडी.

डुलकी लागली असंल, असं त्याला वाटलं. पुन्हा उठला. पुन्हा कडी... वारा... खुर्ची.

कॉम्प्युटर बंद केला. वायर उपटली. गत चालूच. वहिनींना फोन लावला. "हॅलो," त्या म्हणल्या, "अहो, बोला ना..." तेवढ्यात गत फिरली. हा खुर्चीत. फोन टेबलावर. फोन केल्याची त्यात नोंदच न्हाई.

"मंग ओरडले का न्हाई ते, आबा?"

ओरडला ना, जान्हवी. पण तीन मिनिटांत कोण येणार? गत फिरली की ओरडणंबी पुसलं जायचं. घसा तेवढा दुखायचा.

नऊ वेळा तो त्या दारातून बाहेर पडला. नऊ वेळा खुर्चीत. मंग उठलाच न्हाई. रडलो, असं स्वतः म्हणला मला. रडता रडता त्याला उमगलं, की दारानं त्याला धरलेलंच न्हाई. गतीला शेवट न्हाई, म्हणून सुटका न्हाई.

कोपऱ्यात बाजाची पेटी होती. ती ओढली. एका हातानं भाता मारायचा, म्हणजे वाजवायला एकच हात. उजव्या हातानं शेवट शोधायला लागला. जमंना. डाव्या हाताच्या खालच्या सुरांशिवाय तो शेवट उभाच राहीना. गत संपायला आली... आता फिरणार...

त्यानं भाता सोडला. दोन्ही हात पट्ट्यांवर टाकले.

भाता थांबला न्हाई.

संथ. बराबर. कुणीतरी मारत होतं.

त्यानं तिकडं पाह्यलं न्हाई. वाजवत राह्यला. शेवटचा सूर... लांबवला...

सोडला.

शांत.

भाता आपोआप मिटला.

अवधूत तिथंच बसून राह्यला. दाराकडं जायची हिंमत न्हाई झाली. उजाडलं, तशी कडी वाजली. कडूबा होता.

"सर, राग मानू नका. काल सांजच्याला मिस्त्रीनं जिन्याखालच्या ओट्याला सिमेंट केल्तं. वलं होतं. तुम्ही समदं तुडवलं की."

"मी रात्री खाली उतरलोच न्हाई, कडूबा."

कडूबा त्याला खाली घेऊन गेला.

सिमेंट वाळलं होतं. त्यात अनवाणी पावलं. जोडीजोडीनं, एकाला लागून एक. अवधूतनं मोजली. नऊ जोड. आपला पाय त्यातल्या एकावर ठेवून पाह्यला... बराबर बसला.

सगळी पावलं रस्त्याकडं गेल्ती.

आत येणारं एकबी न्हाई.