गेटच्या अलीकडे

आई असतानाचा शेवटचा साधा दिवस शनिवार होता, आणि त्या दिवशी मी संप फोडला. तोही हातात उपम्याचा डबा घेऊन.

आई हाउन्सलोजवळ, विमानतळाशेजारच्या एका मोठ्या किचनमध्ये काम करायची. विमानात आपल्यासमोर येणारा छोटा ट्रे असतो ना — पाव, लोणी, सॅलड, केकचा तुकडा — तो तिथे भरला जायचा. सॅलडचं काम थंड खोलीत. म्हणजे फ्रिजच्या आत उभं राहून करायचं काम. आणि त्या खोलीत, कसं कोण जाणे, वर्षानुवर्षं पंजाबी, तमिळ, सोमाली बायकाच असायच्या, आणि एक मराठी. ओव्हनच्या उबेला उभी राहणारी माणसं गोरी. सुपरवायझर म्हणायचा, हा निव्वळ योगायोग आहे. आई म्हणायची, "मग तो योगायोग आळीपाळीने सगळ्यांकडे जाऊ दे." मागणी एवढीच होती. एवढ्यासाठी त्या बायका फेब्रुवारीत गेटबाहेर उभ्या होत्या.

मी पोचले तेव्हा भुरभुर चालू होती. चष्म्यावर थेंब, कानात एक कादंबरी चाललेली. गेट उघडं दिसलं आणि मी सरळ चालत आत गेले.

मागून एकच गलका उठला. कोणीतरी धावत येऊन माझी वाट अडवून उभं राहिलं. पिवळं जॅकेट, कपाळाला चिकटलेले ओले केस, हातात अर्धवट खाल्लेलं गाजर.

"सॉरी हं," तो इंग्रजीत म्हणाला, "पण तुम्ही आत्ता पिकेट लाइन ओलांडलीत. संप चालू असताना हिच्या आत जायचं नसतं."

"मी... टॉयलेट शोधत होते."

"ते लाइनच्या अलीकडेच आहे. पेट्रोल स्टेशनवर." त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. "डबा घेऊन जाता टॉयलेटला?"

"समर, सोड तिला!" आई ओरडली. तिने कपाळावर हात मारला होता, पण हसत होती. "माझीच आहे ती. ऋजुता."

त्याने लगेच भाषा बदलली. "अरुणामावशी, हा तुमचा मुलगी?"

बायका फिदीफिदी हसल्या. मीही, जरा.

त्या गेटवर एक रिवाज होता. चुकून आत गेलेल्याने परत बाहेर यायचं आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहून घोषणा द्यायची. मी शाळेत शिकवते. वर्गभर मुलांना एका नजरेत गप्प करते. पण चार लोकांत मोठ्याने काही मागायचं म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही. मी "फेअर रोटा", म्हणजे पाळ्या सगळ्यांना सारख्या, असं काहीसं पुटपुटले. रस्त्यापलीकडच्या कबुतरालाही ते ऐकू गेलं नसेल.

"एकटीला जमत नसेल तर दोघं मिळून," समर माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला. "मी पण पहिल्या दिवशी आत गेलो होतो. बस घेऊन."

"बस?"

"मी बस चालवतो. डिपोतला नवीन, रस्ता चुकला. अख्खी डबल डेकर आत. मावशीने मला सगळ्या पॅसेंजरांसमोर ओरडायला लावलं."

मग आम्ही दोघं ओरडलो. त्याच क्षणी एक लाल बस जवळून गेली आणि ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न वाजवला. बायकांनी हात उंचावले.

"आमच्यात असं असतं," समर म्हणाला. "पिकेट दिसली की हॉर्न. तेवढं तरी करायचं."

घरी आल्यावर आई गरम पाण्यात पाय सोडून बसली.

"मुलगा बरा आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"हो, तुला माहीतच नाही कोण!"

"आई, त्याचं मराठी ऐकलंस ना?"

"तुझं मराठी फार छान आहे, राणी. इतकी पुस्तकं वाचतेस. बोलतेस कुठे पण?"

मी पुस्तकात डोकं घातलं. तिने पाय पुसले, उद्या भाजी कुठली करू विचारलं. मी म्हटलं, कुठलीही कर.

रविवारी सकाळी ती उठली नाही.

*

पुढच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. थंड खोलीतल्या बायका रोज आलटून पालटून घरी येत होत्या, डाळ, रोटी, इडली घेऊन. "ठीक आहेस ना बेटा?" असं जी ती विचारायची. मी प्रत्येकीला हो म्हणायचे. खोटं नव्हतं ते. मी झोपत होते, शाळेत जात होते, वह्या तपासत होते. फक्त आईबद्दल कोणाशी बोलत नव्हते.

मार्च संपताना समर दारात उभा राहिला.

"जिंकलो," तो म्हणाला. "रोटा बदलला. सगळ्यांना थंड खोली, सगळ्यांना गरम. आज पहिला नंबर कोणाचा लागला माहितेय? सुपरवायझरचा. कानटोपी घालून काकड्या कापत होता."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून जरा जास्तच वेळ आलं. तो दारातच उभा राहून मला हसताना बघत होता. मग एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"घेणार. तुम्ही... तू करशील तसा."

त्यानंतर तो येत राहिला. आधी काही ना काही कारण असायचं. शिल्पामावशीने पराठे पाठवलेत — शिल्पामावशी म्हणजे आईची थंड खोलीतली मैत्रीण. किंवा डिपोतून घरी जाताना वाटेत आहे म्हणून. त्याचं घर उलट्या दिशेला होतं, हे मला नंतर कळलं.

मे महिन्यात आमच्या प्रायमरी शाळेवर संकट आलं. कौन्सिलकडे पैसे नाहीत, म्हणून निम्म्या टीचिंग असिस्टंट कमी करायच्या ठरल्या. नव्याने देशात आलेल्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या याच बायका. पहिल्या दिवशी रडणाऱ्या सोमाली मुलीला त्यांच्याशिवाय कोण समजावणार होतं? आम्ही सगळ्यांनी संपाला मत दिलं. बॅनर रंगवायची जबाबदारी, मी कधीच नाही म्हणत नाही म्हणून, माझ्यावर आली.

समर रंगाचे डबे घेऊन आला. किचनच्या फरशीवर आम्ही जुनी चादर पसरली.

"'शाळा' मराठीत पण लिहू या ना," तो म्हणाला. "कोपऱ्यात. मावशीसाठी."

"लिही."

त्याने जीभ बाहेर काढून, मन लावून लिहिलं. ळ उलटा पडला.

"कसा झाली?"

"छान झाली," मी म्हटलं. त्याचं वाक्य दुरुस्त करायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि हे लक्षात आलं तेव्हा माझे कान तापले.

"तुझ्या नाकावर निळा आहे," तो म्हणाला.

"पूस मग."

त्याने अंगठ्याने पुसला. निळा रंग तिथून गालापर्यंत गेला. बाहेरून विमान गेलं, हाउन्सलोत जातं तसं छपराला घासल्यासारखं, आणि ते पूर्ण जाईपर्यंत त्याचा हात माझ्या गालावर होता.

मग तो म्हणाला, "ऋजुता... मला कॉव्हेंट्रीला बोलावलंय. युनियनमध्ये, पूर्ण वेळ. आईबाबा पण तिथेच आहेत. गुरुवारी दुपारी फोन करून सांगायचंय, हो की नाही." त्याने ब्रश खाली ठेवला. "काय करू?"

मला जे म्हणायचं होतं ते अगदी ओठांवर होतं. मी म्हणाले, "चांगलं काम आहे. तू ठरव."

"हो," तो म्हणाला. "मी ठरवतो." आणि बॅनर वाळायच्या आधीच निघाला.

*

गुरुवारी आमच्या संपाचा चौथा दिवस होता. शाळेच्या गेटवर आम्ही पंधरा-वीस जणी, पालक, बाबागाड्या आणि निळ्या अक्षरांचा बॅनर. शिल्पामावशी सुट्टी घेऊन आली होती. तिच्या मते आम्हा शिक्षकांना नीट ओरडता येत नव्हतं.

समरची बस रोज साडेआठनंतर आमच्या गेटवरून जायची. सोमवारी त्याने असा हॉर्न वाजवला की हेडमास्तरीणबाई खिडकीत आल्या. मंगळवारी त्याहून मोठा. बुधवारी त्याची सुट्टी होती.

"तोंड का उतरलंय?" शिल्पामावशीने विचारलं.

मी सांगितलं. थोडक्यात.

"आणि तू काय म्हणालीस?"

"तू ठरव म्हणाले."

"वा! तो काय तुझ्याकडे रस्ता विचारत होता?" तिने कमरेवर हात ठेवले. "तुझी आई मॅनेजरच्या तोंडावर बोलायची. तुला एका ड्रायव्हरला सांगता येत नाही?"

"त्याला तिथे चांगलं काम आहे, मावशी. मी कशी अडवू?"

"अडवू नकोस. तुला काय हवंय ते सांग. पुढचं तो बघेल. त्याला पण तोंड आहे."

तेवढ्यात बस आली. काचेमागे समर दिसला. आम्ही हात वर केले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली... आणि बस तशीच, गुपचूप पुढे गेली. हॉर्न वाजला नाही.

पिकेटवरून हॉर्न न वाजवता जाणारा समर म्हणजे मनाने इथून निघून गेलेला समर, असंच मला वाटलं.

"पळ!" शिल्पामावशी म्हणाली.

मी पळाले. हाय स्ट्रीटवर ट्रॅफिक होता म्हणून पुढच्या स्टॉपवर बस सापडली. दार मिटताना मी आत शिरले, कार्ड टेकवलं आणि ड्रायव्हरच्या काचेसमोर धापा टाकत उभी राहिले.

"हॉर्न का नाही वाजवलास?"

"शू!" त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मागे खूण केली. पहिल्याच सीटवर एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. "आत्ता झोपलाय. ती आई मला हात जोडून प्लीज म्हणाली."

मला हसावं की रडावं कळेना.

"फोन केलास?"

"दुपारी करणार." काचेमागे तो अगदी स्थिर बसला होता. "तुला मला काही सांगायचंय?"

मागे ट्रॉली घेतलेल्या आजी म्हणाल्या, "लव्ह, पुढे सरकतेस का?"

मी सरकले नाही. काचेला तोंड लावून, अगदी हळू आवाजात मी सांगितलं. सगळं सांगितलं.

समरने भुवया उंचावल्या. मग बिचाऱ्याने कानाला हात लावला.

"ऐकू नाही आलं. ही काच... परत बोलशील?"

मी त्याच्याकडे पाहिलं. ट्रॉलीवाल्या आजींकडे पाहिलं. झोपलेल्या बाळाच्या आईची मनातल्या मनात माफी मागितली.

"मला आईची फार आठवण येते!" मी म्हणाले, आणि बसमधली सगळी डोकी वर झाली. "रोज येते. कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय. ती आठवण येते तेव्हा मला तू जवळ हवा असतोस. कॉव्हेंट्रीला गेलास तर मी शनिवारी गाडी पकडून येईन, पण मला ते नकोय, समर. मला तू इथे हवा आहेस. माझं प्रेम आहे तुझ्यावर — आता आलं ऐकू?"