पाणंदीवरचं घर

खोटं बोलायची खोड आमच्या घरात पुरुषांना. मला नाही.

तेव्हा हे वाचून ज्याला हसायचं असेल, त्यानं आमच्या सोप्यात येऊन बसावं आणि मग हसावं. दसऱ्यानंतर. भर दुपारी.

सन सेहेचाळीस. सांगलीच्या वेशीबाहेर आमचं रान. मालक वारले आणि कारभार धाकट्या दिराकडं, आप्पासोकडं गेला. त्यानं रानाचे प्लॉट पाडले. मधून मेंढरांची जुनी पाणंद जायची. ती मोडून नेमकं तिच्यावर घर बांधलं. मागं दार ठेवलं नाही, सलग दगडी भिंत. शेजारच्या ओढ्यात मुरूम टाकून रस्ता केला. पाण्याला जायला रस्त्याखालून एक अरुंद मोरी.

दसरा झाला तसा म्हसवडचा हरिबा कळप घेऊन आला. दरसाली यायचा. त्याची मेंढरं रानात बसवून आम्हीच खत करून घ्यायचो.

"आप्पासो, वाट कुठं गेली वं? बापजाद्यांची हाय आमच्या."

"मग बापजाद्यास्नीच बोलीव की भिंत पाडायला!"

मी पण हसले. हसण्यासारखंच होतं ते.

वाट नाही म्हणून हरिबानं कळप ओढ्यात उतरवला. वर कुठंतरी पाऊस झाला होता. पाणी आलं... मोरीपाशी तुंबलं... आणि मागं फिरलं.

संध्याकाळी मोरीच्या तोंडात मेंढरं बोळ्यासारखी अडकलेली. त्यांच्याखाली हरिबा.

"मोरी फुटली न्हाई, नशीब," आप्पासो म्हणाला.

पुढच्या वर्षी, तेच दिवस. मी आप्पासोच्या सोप्यात शेंगा फोडत बसले होते. त्याची बायको लीलाबाई, माझी धाकटी जाऊ, शेजारी. आप्पासो पलीकडं लवंडलेला.

खुरं वाजली...

शेकडो.

रस्त्यावर धूळ नाही. एक मेंढरू ओरडलं नाही. कुत्र्यानं मान उचलली नाही.

आवाज उंबरा चढून आत आला... ओल्या लोकरीचा वास... माझ्या गुडघ्याला गार काहीतरी घासून गेलं.

आणि मागच्या भिंतीपाशी सगळं थांबलं.

"आवं, भिंत पाडा," लीलाबाई म्हणाली. "जाऊ द्या त्यास्नी."

"मेल्या मेंढरांसाठी घर पाडू व्हय? गप बस!"

आप्पासो काठी घेऊन उठला. भिंतीकडं पाठ करून उभा राहिला. "हुर्रर्र!"

काठी पडली...

तो खाली वाकला. हातावर, गुडघ्यावर. हळूच वळला. मान खाली घातली.

टक्कर.

मागं सरला. पुन्हा टक्कर.

आम्ही दोघींनी पाय धरून ओढलं. हलला नाही. कपाळ फुटलं तरी थांबला नाही.

दिवेलागणीला थांबला. कायमचा.

सुतक फिटायच्या आत लीलाबाईनं पहार घेतली. गाडी जाईल एवढी भिंत एकटीनं पाडली. "घराण्याची अब्रू उघडी केलीस गं," म्हणून मी लय बोलले. तिनं पहार खाली ठेवली नाही.

आता दरसाली कळप येतो. त्या खिंडारातून निघून जातो.

पण सगळ्यात मागं... तळहात आपटत, गुडघे घासत, एकटंच कुणीतरी येतं.

समोर भिंत नाही. पलीकडचं रान दिसतं.

तरी टक्कर वाजते.

लीलाबाई पदर सावरून त्या मोकळ्या जागेपाशी जाते. "आवं, वाट मोकळी हाय. जावा की आता."

मी कुणाच्या बापाला भ्याले नाही कधी. पण तेवढं ऐकलं की मी कानात बोटं घालते.

तरी ऐकू येतं.

टक्कर...