राजाबाईच्या खोलीतली होडी

शेंद्र्याकडं जाताना शेतं मोडून प्लॉट पडलेत, त्यातल्या एकावर आमचं घर आहे. पुढं एक लांबट खोली, मागं दोन लहान. नळ अजून आलेला नाही. बोअर होता, तो दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी आटला. तेव्हापासून टँकरवर भागवतो.

माझा मुलगा रामेश्वर कंपनीत आहे. त्याला मासे धरायचा नाद लागला. आमच्या घराण्यात सगळ्यांनी मेंढरं राखलेली. पाण्यात उतरायचं ते मेंढरं धुवायला, तेवढंच. पण त्याच्या एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली होडी रामेश्वरला देऊन टाकली. कयाक म्हणतात तिला. पिवळी, जाड प्लास्टिकची, आतून पोकळ. वर बसायला खोलगट जागा, मागं गळाच्या काठ्या खोचायला भोकं. सुट्टीच्या दिवशी तो ती पिकअपवर टाकून जायकवाडीच्या फुगवट्याला न्यायचा. मग तिथलं पाणी मागं सरकत गेलं, नुसता चिखल उरला आणि होडी घरी आली.

ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. अंगणात दिवसभर ऊन. "उन्हात प्लास्टिक वाकतं, आबा," रामेश्वर म्हणाला. मागच्या खोल्यांच्या दारातून ती वळेना. पुढच्या खोलीत मावली असती, पण तिथं राजाबाईची खाट होती.

राजाबाई माझी बायको. त्याच उन्हाळ्यात ती गेली. खाट काढली, दोन जुनी टायरं मांडली आणि त्याच जागेवर होडी बसली. मला ते बरं वाटलं नाही. पण ती मोकळी जागाही बघवत नव्हती.

तिच्या किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. जास्त झालं की ते अंगात साचायचं, छातीत भरायचं, तिला श्वास घेता यायचा नाही. आम्ही वाटीनं द्यायचो. टँकरचा ओला पाइप ओसरीवरून जायचा, तेव्हा ती भिंत धरत बाहेर यायची आणि त्या पाइपावर दोन्ही तळवे ठेवून बसायची. शेवटी शेवटी एकच बोलायची, "एकदा पोटभर पिऊ द्या. मग न्या कुठं न्यायचं ते."

तशीच गेली.

पुढं टँकर आठवड्याआड येऊ लागला. सांडू टँकर घेऊन यायचा. लई बोलका माणूस. होडी बघून म्हणाला, "आबा, होडी घेतली, आता समुद्र बी आणा की!"

"तू तेवढा टँकर वेळेवर आण," मी म्हणालो.

ड्रम भरले, हंडे भरले, तरी आमच्या वाट्याचं पाणी उरलं होतं. सून प्रेरणा बाळाला काखेत घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आबा, होडी पोकळ हाय ना? वरून झाकण बी हाय."

सांडू हसला. "घ्या! सगळं जग होडी पाण्यात घालतं, तुम्ही पाणी होडीत घाला."

पण युक्ती चांगली होती. वरचं गोल झाकण उघडून पाइप आत सोडला. शेपटाकडं पाणी काढायचं बूच होतं, त्याखाली हंडा धरला की झालं. होडी काठोकाठ भरली. घरात एवढं पाणी आहे म्हणून त्या दिवशी प्रेरणानं डोक्यावरून अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी मी सहज बोटाच्या पेरानं होडीवर वाजवून पाहिलं. वरच्या अंगाला पोकळ आवाज आला. त्याच्या पुढच्या दिवशी तो अर्ध्यापर्यंत उतरला.

"प्रेरणा, तू काढलं का गं होडीतलं?"

"नाय ओ. मला वाटलं, तुम्हीच."

खालच्या फरशीवर धूळ होती, ती तशीच कोरडी होती. रामेश्वरनं बूच काढून परत घट्ट बसवलं, बॅटरी लावून पोट तपासलं, शंका आली तिथं एम-सील लावलं. "कुठंच भोक नाय," तो म्हणाला. टँकर आला, पुन्हा भरली. या वेळी आणखी लवकर उतरली.

मग एका दुपारी मी होडीजवळ बसलो होतो. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. कुलर बंद, कारण त्यात घालायला पाणी नाही. प्रेरणा मागच्या खोलीत बाळाला घेऊन पडली होती.

आवाज होडीतून आला.

भांडं गळतं तेव्हा थेंब वाजतो. हा थेंब नव्हता. हा घोट होता. एक घोट, मग दम घेतल्यासारखं थांबणं, मग दुसरा. मी पिवळ्या प्लास्टिकवर हात ठेवला. ते गार होतं आणि प्रत्येक घोटाला माझ्या हाताखाली हलत होतं. गळा हलतो तसं.

"राजे?" मी म्हणालो.

आवाज थांबला. मग घाईघाईनं सुरू झाला.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मला रडू आलं, आणि बरं वाटलं. मी उठून ड्रममधलं पाणी आणलं आणि झाकण उघडून आत ओतलं. तिला आता कुणी अडवणार नव्हतं. दम लागायला छाती नव्हती.

तिचं पोट भरावं, तिनं एकदा पुरे म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

मी रोज ओतू लागलो. घरातले ड्रम रिकामे होऊ लागले. बाळाचे लंगोट न धुता कोपऱ्यात पडले, आंबट वास सुटला. एकदा प्रेरणानं मला हंडा ओतताना पाहिलं.

"आबा, लेकराला अंगावर घालायला तांब्याभर पाणी नाय, अन् तुम्ही हे काय करायलात?"

"होडी तडकंल उन्हानं."

"होडी घरात हाय. कुणाला पाजताय तुम्ही?"

खोली शांत होती, म्हणून तिलाही ऐकू आलं. तिचं तोंड उतरलं. तिनं पदरानं बाळाचे कान झाकले. त्याच दुपारी जीप धरून ती कन्नडला माहेरी गेली. रामेश्वरला फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "होडी घरात हाय तोवर मी येत नाय."

रामेश्वरनं गिऱ्हाईक बघितलं. फर्दापूरचा पुंडलिक, तिथं लॉज चालवणारा. तो न्यायला येणार त्या दिवशी घरात मी एकटाच होतो.

शेवटचा ड्रम आडवा करून ओतला.

हंडे ओतले.

प्यायचा माठ ओतला.

"राजे, झालं का?"

घोट चालूच होते. थोड्या वेळानं होडीचं पोट पोकळ वाजलं, खालपर्यंत. पाणी संपलं.

घोट थांबले नाहीत.

कोरडे घोट होते ते. सुका गळा गिळतो तसे. मी कान लावला आणि लगेच काढला.

"राजे, आता कुठनं आणू गं?"

पिकअप आली, रामेश्वरही तिच्यातूनच उतरला. मी दार अडवीन असं रामेश्वरला वाटत होतं. पुंडलिक कपाळ पुसत आत आला.

"आमच्या लॉजपुढं तळं केलंय आबा, पर्यटकांच्या पोरांना बसवायला. ताडपत्री टाकून विहिरीचं पाणी सोडतो."

"विहिरीला पाणी हाय?"

"हाय की. सगळी वस्ती तिच्यावरच जगायलीय."

मी होडीचं पुढचं टोक धरलं. "चल, उचल," रामेश्वरला म्हणालो. तो माझ्याकडं बघत राहिला.

प्रेरणा परत आली. ड्रममधलं पाणी आता ड्रममध्येच राहतं. पण मला चैन पडेना. पुढच्या आठवड्यात मी पुंडलिकला फोन केला.

"होडी कशी हाय?"

"होडी बेस हाय. तळ्याचंच काय कळंना. भरलं की उतरायलंय. ताडपत्री फाटली नाय, काय नाय."

"मग?"

"मग काय. मोटार सारखी चालू. विहीर लई खाली गेली. वस्तीतली माणसं वरडायलेत."

त्याच्या मागून घोटांचा तो आवाज येत होता. मोठा झाला होता. आता मधे दम घेणंही नव्हतं.

"मोटार बंद करू नका," मी म्हणालो.

त्यानं का म्हणून विचारलं नाही.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "एकदा केली होती. आता माझी बी हिंमत होत नाय."