कोपऱ्यातली बरणी

निवृत्त झाल्यावर मी परसात द्राक्षाचे चार वेल लावले, तेव्हा बायको म्हणाली, "आयुष्यभर लिफ्ट वर चढवल्यात, आता वेल चढवा." मला टोमणा मारल्याशिवाय तिचा चहा गोड होत नाही. पण तिसऱ्या वर्षी मांडवाला खरंच घोस लोंबायला लागले, काळेभोर, पातळ सालीचे. तिने एक द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "कोल्ह्याला जमलं हो!"

वाइन करायला शिकवलं शेजारच्या मास्तरांनी. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. देठं काढून द्राक्षं हातांनीच चिरडली, सालीसकट टोपात आंबायला ठेवली. मग रस गाळून काचेच्या मोठ्या बरणीत भरला. बुचात वाकडी नळी, नळीत थोडंसं पाणी. आतला वायू बुडबुडा होऊन बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. बुडुक. जरा वेळाने पुन्हा बुडुक.

घरात सगळ्यात थंड म्हणजे झोपायची खोली, म्हणून बरणी तिथल्या कोपऱ्यात ठेवली.

बायको नर्स आहे. रात्रपाळी करून येते आणि सकाळी झोपते. झोपेत तिचा श्वास अडकतो. घोरता घोरता एकदम थांबते. मग मी खांदा हलवला की दचकून श्वास घेते. डॉक्टरांनी मास्कचं यंत्र दिलं होतं. "हत्तीची सोंड लावून मी झोपणार नाही," म्हणून तिने ते कपाटावर टाकलं. जगाला औषधं देईल, स्वतः ऐकेल तर शपथ! त्यामुळे ती झोपली की मी उशाशी पेपर घेऊन बसायचो. वाचायचो कुठला? भीती वाटायची मला.

एका सकाळी तिचा श्वास थांबला, आणि बरणीही थांबली. लिफ्टच्या मोटरच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगायचो, त्यामुळे असं काही माझ्या कानातून सुटत नाही. मी खांद्याकडे हात नेला, तेवढ्यात कोपऱ्यात बुडुक झालं. लगेच तिने लांब श्वास घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

योगायोग, दुसरं काय! पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी आधी बरणी, मग ती.

मी खांदा हलवणं सोडून दिलं. ती ताजीतवानी उठायला लागली, आरशात बघून गुणगुणायला लागली. मी निवांत पेपर वाचायला लागलो, अगदी शब्दकोड्यासकट. इतके सुखाचे दिवस आम्ही तरुणपणीही काढले नव्हते.

मग एकदा मास्तर वाइन तपासायला आले. त्यांना ओसरीवर बसवून मी पेलाभर काढायला आत गेलो. ती गाढ झोपली होती. मी बूच उपसून पेला भरून घेतला.

तिचा श्वास बंद झाला.

खांदा हलवला. गालावर थापट्या मारल्या. ओठ निळसर व्हायला लागले. मी धावत जाऊन बूच परत दाबलं.

बुडुक.

तिने श्वास घेतला, कूस बदलली. मी पेला बाहेर नेला.

मास्तरांनी त्यात तरंगतं मापक सोडलं. "साखर कधीच संपलीय. आंबणं थांबलंय. बाटल्या भरा."

"अजून बुडबुडे येतात, मास्तर."

"शक्यच नाही."

"घाई काय आहे?" मी म्हटलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, चाखायची कधी?"

"पुढच्या वर्षीची चाखू. ही राहू दे."

तिने बरणीकडे पाहिलं. "राहू दे. सोबत वाटते."

यंदा घोस दुप्पट आले, म्हणून दुसरी बरणी आणली. आज सकाळी धुतली. कुठे गळते का बघायला साध्या पाण्याने भरली, बूच-नळी लावून पहिलीच्या शेजारी ठेवली. खिडकी उघडी होती, बायको झोपली होती. मी शब्दकोडं घेतलं.

बुडुक. पहिली बरणी.

मग दुसरा आवाज, जरा जाडसर.

साध्या पाण्यात?

गंमत म्हणून मी श्वास रोखला. दुसरी बरणी थांबली. मला हसू आलं.

मग श्वास घ्यायला तोंड उघडलं. हवा आत येईना.

पडदा वाऱ्याने हलत होता. मी दुसऱ्या बरणीच्या नळीकडे पाहत राहिलो. तिच्यातलं पाणी हलत नव्हतं.

बुडुक.

मग मला श्वास घेता आला.