उत्तर न देणारा फळवाला

गजेंद्रच्या हातून आयुष्यात एकाच पत्राचं उत्तर राहून गेलं, आणि नेमकं तेच पत्र त्याला तोंडपाठ होतं.

अमरावतीच्या इतवारा बाजारात त्याचं संत्र्यांचं दुकान. तिथून अकोल्याला घरोघरी पेट्या जायच्या. पेटीच्या तळाशी तो जुनी वर्तमानपत्रं अंथरायचा, आणि त्या पानांवर त्याचीच अर्धवट सोडवलेली शब्दकोडी असायची. गेल्या हंगामात त्यातलं एक पान अकोल्याहून पाकिटातून परत आलं... कोडं पूर्ण सुटलेलं. सोबत चार ओळी. ‘संत्री गोड होती. नदीच्या जागी तुम्ही डोंगर बसवला होता, तो हलवला आहे. पुढच्या पेटीत जरा अवघड कोडं पाठवा. – रागिणी.’

उत्तर लिहायला तो रोज बसायचा. एक वाक्य आगाऊ वाटायचं, दुसरं खुळचट. असं करता करता हंगाम संपला. मग लिहावं तरी कोणत्या तोंडाने?

यंदा त्याने दुकानाला नवी पाटी लावली, ‘सिट्रस हब’. नवा फोन नंबरही घेतला. पुण्याच्या बहिणीने, आकांक्षाने, फोनमध्ये सोय करून दिली... इंटरनेटवर कुणीही ‘सिट्रस हब’ असं लिहिलं की फोन वाजेल. गजेंद्र कान लावून बसला. फोन वाजला नाही. संक्रांत गेली, महाशिवरात्र आली, पेट्यांची मागणी आटत चालली, आणि फोन गप्पच. ज्या दुकानाला कुणी नावंसुद्धा ठेवत नाही, ते चालवायचं कशाला? नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात त्याने कारकुनीची नोकरी ठरवून टाकली.

त्या दुपारी तो स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढत होता.

“ओ भाऊ,” खालून आवाज आला, “नत्थुजीचं दुकान कोणतं?”

त्याने वळून पाहिलं. खांद्याला कापडी पिशवी, उन्हाने लाल झालेलं नाक, आणि उत्तर मिळेपर्यंत न हलणारी नजर.

“हेच,” आत पोत्यावर बसून संत्री निवडणारे त्याचे आजोबा, आबाजी, म्हणाले. “मीच नत्थुजी. अजून जित्ता आहो. बोला.”

“मंग पाटी काहून काढून राहिले?”

“त्या स्टुलावरच्या शाण्याले इचारा. नातू आहे माहा. फोन वाजत नाई म्हून दुकान बंद करून राहिला.”

ती हसली आणि पेटीपाशी वाकली. तळाच्या कागदावर अर्धं सोडवलेलं कोडं होतं. तिने ते पाहिलं, मग मान वर करून त्याच्याकडे पाहिलं... बराच वेळ.

“कोडं तुमी सोडवता?”

“अर्धंच,” तो म्हणाला.

“मी रागिणी. अकोल्याची.”

त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. तिनेच तो उचलून वर धरला.

“मघाशी भाऊ म्हटलं ना... ते वापस घेते,” ती हळूच म्हणाली.

स्टुलावरून उतरताना गजेंद्रला पायरी सापडेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने फोनची सगळी कर्मकहाणी सांगितली. ती ऐकून रागिणीने कपाळाला हात लावला.

“सिट्रस हब म्हणून कोन लिहिन? पेटीवर अजून नत्थुजी छापलं आहे, आमी तेच म्हणतो. आना तो फोन.”

तिने ‘नत्थुजीची संत्री’ लिहिलं. पडदा भरून गेला. ‘नत्थुजीची संत्री आली का कोणाकडे?’ ‘पेटीवरचा नंबर लागत नाही, दुकान बंद झालं का?’ ‘दोन सडकी निघाली, तरी घेईन तर त्यांचीच.’ गजेंद्र वाचत गेला, आणि ती सडकी दोनसुद्धा त्याला गोड लागली. मग खाली एक ओळ दिसली.

‘संत्री गोड. माणूस उत्तर देत नाही. – रागिणी.’

त्याखाली अकोल्यातल्या तिच्या गोरक्षण रोडच्या साऱ्या बायका विचारत होत्या, ‘कोणता माणूस गं?’

त्याचे कान तापले. “हे तुमी... साऱ्या जगाले सांगितलं?”

“जगाले समजलं. तुमालेच नाई समजलं.”

“मी लिहिणार होतो. खरंच. पण... आता सांगू का?”

“नाई,” पेटी उचलत ती म्हणाली. “जिथं इचारलं तिथंच द्या उत्तर. सगळ्यांसमोर. मले काय लाज नोती का लिहितानी?”

आणि ती अकोल्याची गाडी पकडायला निघून गेली. वळणावर एकदा थांबली, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली... तेवढ्यात मागे पाहून घेतलं.

गजेंद्र पोत्यावर टेकला. एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली. सगळी गल्ली वाचणार. ती हसली तर? त्याहून वाईट, तिने वाचलंच नाही तर?

“काय करून राहिला?” आबाजींनी विचारलं.

“जमत नाही, आबाजी. चांगलं वाक्य सुचत नाही.”

“संत्र हातात धरून इतका इचार करशीन, त सडन ते.”

गजेंद्रने एक श्वास घेतला आणि न थांबता लिहीत गेला.

‘रागिणी, तुम्हाला शोभेल असं वाक्य सापडेना म्हणून उत्तर राहिलं. ते अजूनही सापडलेलं नाही. दुकान बंद होत नाही. येत्या रविवारी अकोल्याच्या पेट्या घेऊन मी स्वतः येतो आहे. संत्री सगळ्यांसाठी आहेत. येतो आहे तो तुमच्यासाठी. चालेल ना? – गजेंद्र, नत्थुजींचा नातू.’

पुन्हा वाचलं असतं तर पुसलं असतं, म्हणून त्याने ते वाचलं नाही. डोळे मिटले, आणि पाठवून दिलं.